निळी की पांढरी

सुट्टीच्या दिवशी फिरायला मोटरबोट घ्यायची होती. नवऱ्याला पांढरी आवडली, बायकोला निळी. "हिला काय कळतंय यातलं," असं सेल्समनला सांगून तो पांढरीच्या मऊ गादीवर ऐसपैस बसला.

बायकोने सेल्समनला हळूच बाजूला घेतलं. "यांना धड पोहता येत नाही. पाण्यात पडलेच, तर आपले आपण वर चढतील ना?"

"निळीत चढतील. तिची शिडी पाण्यातून ओढून घेता येते. पांढरीची मात्र बोटीतल्या माणसानेच खाली सोडावी लागते. तुम्ही आपली निळीच घ्या, ताई."

ती बराच वेळ पांढरीच्या शिडीकडे बघत राहिली. मग नवऱ्याजवळ जाऊन बसली.

"तुमचंच बरोबर होतं," ती म्हणाली. "पांढरीच घेऊ."