बारा मिनिटांचा थांबा

नवरा रोज सकाळी पळायला जायचा. नदीकाठाने जाऊन, झाडीतून डोंगराच्या धारेवर चढून, परत नदीकाठाने घरी. फोनमधला नकाशा तो तिला कौतुकाने दाखवायचा. त्यातली एकच गोष्ट तिला खटकली. वरच्या बाकापाशी स्वारी रोज बारा मिनिटं थांबते.

"तिथे कोण भेटतं रे?"

"कोण भेटणार? देखावा छान आहे."

देखावा म्हणे! लग्नाला अकरा वर्षं झाली, या माणसाने कधी खिडकीबाहेर मान वळवून पाहिलं नव्हतं. आज दोघांना रंगेहाथ पकडायचंच, म्हणून तो गेल्यावर थोड्या वेळाने ती मागच्या दाराने सटकली आणि झाडीतल्या आडवाटेने चढू लागली. अर्ध्या चढावर त्याचा फोन आला.

"कुठे आहेस?"

"घरीच. भांडी घासतेय," तिने श्वास आवरत सांगितलं.

"बरं."

वर पोहोचली तर बाक रिकामा. ना तो, ना ती सटवी. धापा टाकत ती बाकावर टेकली आणि समोर पाहिलं. झाडांच्या फटीतून खाली एकच घर स्वच्छ दिसत होतं, तिचं स्वतःचं. मागच्या दारात तो उभा होता, फोन अजून हातातच.