चार कप्प्यांचा खोका

"दोन कप्प्यांचा घेता का चार?" चेतननं काउंटरवर दोन काळे खोके शेजारी शेजारी ठेवले. "आधी सांगा काका, सामान किती आहे?"

"गाणी आहेत," मोतीलाल म्हणाले. "जात्यावरची. बायको गावोगाव जाऊन बायांच्या आवाजात भरून आणायची. जैनाबाद, तुकईथड, तिकडची." रुमालाची गाठ सोडून त्यांनी आतला पेनड्राइव्ह दाखवला. "तीन वर्षांची आहेत. ती गेली दोन महिन्यांपूर्वी. ही तरी राहायला पाहिजेत."

चेतननं त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं.

"राहता कुठं काका?"

"बुधवाऱ्यात."

त्यानं समोरच्या टपरीवाल्याला आवाज दिला, "दोन चहा! काका, साखर किती?"

मोतीलाल अडखळले. "माहीत नाही. घरी तीच टाकायची."

चेतननं मोठा खोका पुढं सरकवला. "याच्यात चार डिस्क बसतात. एकीवर लिहिलं की दुसरीवर आपोआप उतरतं. एक मेली तरी दुसरी जिवंत. पण तुमचं सामान थोडं, मतलब दोन कप्पेपण बस होतील."

"आणि कुणी पुसलं तर?"

"तर दोन्हीकडून जाईल. डिस्क मरेल त्याची सोय आहे, माणूस पुसेल त्याची नाही. त्यासाठी एक कॉपी वेगळी काढून कपाटात ठेवायची. पण घरात पुसणार कोण?" चेतन हसला.

मोतीलाल हसले नाहीत. चहा आला. त्यांनी ग्लासाला हात लावला नाही.

"मी," ते म्हणाले.

चेतननं आपला ग्लास खाली ठेवला.

"आधीची सहा वर्षांची गाणी मी पुसली. पुतण्याच्या लग्नाची फिल्म ठेवायला कॉम्प्युटरवर जागा नव्हती. चुकून नाही पुसली. फोल्डरवरचं नाव वाचलं होतं मी. म्हटलं, म्हाताऱ्यांचं रडगाणं, कोण ऐकतं. आणि तिला सांगितलं, व्हायरस आला."

"काकू काय म्हणाल्या?"

"काहीच नाही. पिशवी उचलली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. आठवड्यातले तीन दिवस, सकाळच्या बसनं. गुडघे दुखायचे तरी. मे महिन्यातपण. तुकईथडच्या स्टँडवरच पडली." "मी पुसलं नसतं तर ती घरी असती. मुलीला पुसल्याचं अजून सांगितलं नाही. तिचा फोन आला की बाथरूममध्ये जाऊन बसतो. आज पहिल्यांदा कुणाजवळ बोललो."

त्यांनी रुमालाला पुन्हा गाठ मारली. ती नीट बसेना.

चेतननं मोठा खोका उचलला आणि परत फळीवर ठेवून दिला. मग लहानही ठेवला.

"हे घेऊ नका काका."

"का?"

"घरी आहे तुमच्या. असाच, चारवाला. चारूकाकूंनी माझ्याकडूनच नेला होता, तुम्ही पुसायच्या आठवडाभर आधी. गाण्यांचं बोललात तेव्हाच समजलो मी. त्या गेल्या, हे मात्र माहीत नव्हतं." त्यानं नजर खाली केली. "मिक्सरच्या रिकाम्या खोक्यात ठेवीन म्हणाल्या. स्वयंपाकघरात आमचे हे कशालाच हात लावत नाहीत. तुम्ही पुसली ती सगळी गाणी त्यात आहेत."

मोतीलालांनी काउंटरची कड धरली. "सगळी?"

"एकूणएक. मीच उतरवून दिली होती."

त्यांनी डोळे मिटले. छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं त्यांना वाटलं. मग डोळे उघडले.

"मग तिला कळलं होतं? व्हायरसचं?"

"मलाच विचारायला आल्या होत्या. मी म्हटलं, व्हायरस असा एकच फोल्डर निवडून नाही खात काकू. तर हसल्या."

"आणि गाणी घरातच होती?"

"हो."

"मग ती परत का जात होती? तीन वर्षं?"

चेतन आपला रिकामा ग्लास काउंटरवर फिरवत राहिला.

"मीपण विचारलं होतं."

"काय म्हणाली?"

"म्हणाल्या, त्यांना सांगू नको बेटा. तिकडं गेले की बाया मला बसवून चहा देतात."