तिसरं व्याख्यान

मोरोपंतांचं व्याख्यान निम्म्यावर आलं तेव्हा अमरावतीच्या त्या वाचनालयात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. अमेरिकेवरचं हे त्यांचं तिसरं व्याख्यान. पहिल्यात त्यांनी सांगितलं होतं, की नवं राज्य उभारताना तिथल्या पुढाऱ्यांनी एकी टिकावी म्हणून गुलामगिरीला हात लावायचं टाळलं. दुसऱ्यात उत्तर आणि दक्षिण एकमेकांच्या उरावर बसले, त्याची हकीकत आली. त्या लढाईपायी तिकडचा कापूस अडून वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, हे ऐकून म्हातारी मंडळी खुलली होती.

आजच्या व्याख्यानात गुलाम सुटले होते. त्यांना मत मिळालं होतं, त्यांची पोरं शाळेत जात होती, त्यांच्यातले काहीजण थेट कायदेमंडळात जाऊन बसले होते. आणि जुन्या मालकांनी अंगावर येऊ नये म्हणून दक्षिणेत सरकारी फौज ठाण मांडून होती.

इथपर्यंत मोरोपंत भरभरून बोलले. कोर्टात कमावलेला आवाज, शेवटच्या माणसापर्यंत पोचणारा. मग अध्यक्षाच्या निवडणुकीचं प्रकरण आलं आणि त्यांनी उगाचच पाण्याचा पेला उचलला.

सकाळीच शालिकराम त्यांच्या ओट्यावर येऊन गेला होता. मोरोपंत भाजीबाजाराच्या पंचमंडळाचे चिटणीस. उद्या मंडळाचा अध्यक्ष निवडायचा होता, मोरोपंत त्यासाठी उभे होते, आणि मळेवाल्यांची मतं शालिकरामाच्या शब्दावर होती. बाजारातली विहीर सगळ्यांना खुली करण्याचा ठराव मोरोपंतांनीच गेल्या साली भांडून मंजूर करून घेतला होता. पण महारपुऱ्यातल्या बाया पाण्यावर येताच दगड आले. तेव्हा मंडळानं विहिरीवर काठीवाला चौकीदार ठेवला. तो उभा राहिल्यापासून त्या आपल्या हातानं पाणी शेंदत होत्या.

शालिकरामानं आवाज चढवला नाही. "ठराव राहू द्या, वकीलसाहेब. विहीर बंद करा, असं कोन म्हनते? फक्त चौकीदार काढा. आमचं आमी पाहून घेऊ."

मोरोपंतांनी बराच वेळ मनाशी घोळवलं. अध्यक्ष झालो तर बाजारात शाळा काढता येईल, दवाखाना आणता येईल. एका चौकीदारासाठी सगळंच घालवायचं का? त्यांनी पानाचं तबक पुढं सरकवलं. शालिकरामानं पान घेतलं. दुपारच्या आत चौकीदाराला निरोप गेला.

आणि आता शालिकराम पहिल्या रांगेत मांडी घालून ऐकत होता.

"कोण निवडून आला, हेच ठरेना," मोरोपंत म्हणाले. "दक्षिणेतल्या तीन राज्यांच्या मतांवर घोडं अडलं. शेवटी दोन्ही बाजूंनी समजुतीनं घेतलं. उत्तरेच्या माणसाला खुर्ची मिळाली. फौज माघारी बोलावली. देश पुन्हा एक झाला."

घरी त्यांनी या प्रकरणाची तासभर तयारी केली होती. ते दोन श्वासांत आटोपलं. टाळ्या पडल्या.

दाराशी पुंजाराम उठून उभा राहिला. तो कापसाच्या जिनात कामाला होता, महारपुऱ्यातले लोक त्याचं ऐकत. पहिल्या दिवशी मोरोपंतांनीच त्याला हाताला धरून आत आणलं होतं. तरी तो बसायचा सतरंजीच्या काठालाच.

"वकीलसाहेब, फौज गेल्यावर त्या लोकायचं काय झालं?"

मोरोपंतांना ते ठाऊक होतं. जाळलेल्या शाळा ठाऊक होत्या. मत द्यायला निघालेली आणि घरी न परतलेली माणसंही.

"कायदा तसाच राहिला," ते म्हणाले. "त्यातलं एक अक्षर कुणी खोडलं नाही."

"कायद्याचं नाई. मी लोकायचं इचारून राहिलो."

माना मागं वळल्या. शालिकराम मात्र समोरच बघत होता. मोरोपंत काही बोलणार, एवढ्यात वाचनालयाच्या चालकांनी आभार मानायला सुरुवात केली. आभार संपले तेव्हा पुंजाराम निघून गेला होता.

मोरोपंत घरी गेले नाहीत. कुणीतरी घातलेला हार टेबलावरच ठेवून ते तडक भाजीबाजारात आले. उन्हं उतरली होती. विहिरीच्या काठावर मळेवाल्यांच्या बाया पाणी भरत होत्या, हसत-बोलत होत्या. कुणी दगड मारत नव्हतं. बऱ्याच अंतरावर पुंजारामाची बायको जयवंता रिकामी घागर पायाशी ठेवून उभी होती.

"जयवंताबाई, तुम्ही शेंदा," मोरोपंत म्हणाले. "मी इथं उभा आहे."

तिनं काठावरच्या बायांकडं पाहिलं, बाजाराच्या तोंडाशी बसलेल्या माणसांकडं पाहिलं. मग मान हलवली.

"आज तुमी आहा. मले पानी रोज लागते."

मोरोपंतांनी अंगरख्याच्या बाह्या वर केल्या, काठावर चढून पोहरा विहिरीत सोडला. बायांनी पटकन वाट दिली. आजूबाजूचा ताण उतरलेला त्यांना पाठीला जाणवला. "हे बेस केलं, वकीलसाहेब," मागून कुणीतरी बोललं, आणि बाजार पुन्हा आपल्या कामाला लागला.

जयवंतानं घागर काठाखाली आणून ठेवली आणि ती एक पाऊल मागं सरली. मोरोपंतांनी पोहरा कलता केला. पाणी बाहेर सांडत होतं, तिच्या पायांवर उडत होतं. इतकं का सांडतंय, म्हणून त्यांनी खाली पाहिलं. घागरीला पोहरा लागू नये एवढा त्यांचा हात आपोआपच उंच धरला गेला होता.