जिन्याच्या तळाशी

“कडेवर घेऊन उतरू नकोस गं तिला. बसून उतर.”

आई जिन्याच्या तळाशी उभी होती. दोन्ही हात किंचित पुढे, तळवे उघडे. वरून कुणी काही टाकणार असावं तसे.

“बसून उतरायला मी काय तान्ही आहे?” लेक हसली. चिमणीला कडेवर नीट सरकवून उतरू लागली. उजवा गुडघा कुरकुरला. तिनं लक्ष दिलं नाही. बाळंतपणानंतर सगळंच कुरकुरतं.

लक्ष द्यायला चिमणी होती. ती झोपली की लेक तिच्या नाकाशी बोट धरून बसायची. खुळखुळा हातात द्यायच्या आधी तो ओढून, पिळून बघायची. एक शिंक आली की ताप मोजायची. शिकलेली बाई, मोबाइलवर वाचून वाचून बाळांचे नाही नाही ते आजार तिला तोंडपाठ झाले होते. गुडघ्याबद्दल मात्र एक अक्षर वाचलं नव्हतं. गुडघे म्हाताऱ्यांचे दुखतात.

बाळंतपणासाठी आलेली आई अजून परत गेली नव्हती. तिला जिना झेपत नव्हता, म्हणून तिचं अंथरूण खालच्या खोलीत. पण वरचं दार करकरलं, की आई तळाशी हजर. गॅसवर दूध उतू जात असलं तरी. जावई म्हणायचा, “आईंना पहारेकऱ्याचा पगार सुरू करू या.” लेकीला हसू यायचं नाही. एका ढगाळ दुपारी तिनं दार उघडलं, तर खालच्या अंधुक उजेडात ते उघडे तळवे आधी दिसले. आई नंतर दिसली. लेकीच्या अंगावर सरसरून काटा आला.

“आई, अशी भुतासारखी उभी राहू नकोस ना!”

“बरं,” आई म्हणाली. जागची हलली मात्र नाही.

खरं सांगायचं तर त्या हातांचा लेकीला रागच होता. लहानपणी हे हात तिला उचलायला कधी आले नव्हते. शेजारपाजारच्या पोरी आयांच्या कडेवर बसून जग बघायच्या. हिची आई जमिनीवर फतकल मारायची आणि म्हणायची, “तू ये. मांडीवर ये.” जिना उतरताना तर कहरच. आई तिला मांडीत घट्ट धरून पायरीवर बसायची आणि एकेक पायरी घसरत खाली जायची. कपडे मागून धुळीनं माखायचे. शेजारणी तोंड फिरवून हसायच्या. आईची माया हातभर लांबूनच असते, असं लेकीनं तेव्हाच मनाशी ठरवून टाकलं.

आईचा हट्ट एकच. वेणी तीच घालणार आणि भांग उजवीकडेच पाडणार. डाव्या बाजूला, केसांत, एक बारीक रेघ होती. तिथे केस उगवत नसत. जन्मखूण आहे, आई म्हणायची. कॉलेजात असताना लेकीनं एकदा हौसेनं भांग बदलला, तर आई त्या दिवशी जेवली नाही.

आज सकाळी लेक चिमणीला कोवळ्या उन्हात न्यायला निघाली. शेवटच्या काही पायऱ्या उरल्या होत्या. गुडघ्यात कट्ट झालं. पाय होता तिथेच होता, त्यातला जीव तेवढा गेला. लेक कठड्यावर आदळली. चिमणी कडेवरून निसटली.

आईला साध्या स्टुलावरही आधाराशिवाय बसता येत नव्हतं. ती दाणकन दोन्ही गुडघ्यांवर पडली. चिमणी तिच्या तळव्यांत आली. मग चिमणीनं असं भोकाड पसरलं, की लेकीला रडूच कोसळलं.

काय झालं, असं आईनं विचारलंच नाही. चिमणीला छातीशी धरून तिनं एवढंच विचारलं, “कधीपासून सुटतोय गुडघा?”

डॉक्टरीणबाईंनी लेकीचा गुडघा दाबून, वाकवून पाहिला.

“वाटी जागेवरून सरकतेय. बाळंतपणात सांधे सैल होतात, मांडीतली ताकद जाते, त्यात दिवसभर कडेवर मूल. आणि तुम्ही बायका अंगावर काढता. व्यायाम नेमानं करा, ताकद येईल. बरं, कधी कधी हे घरातूनही येतं. आईला होतं का असं?”

“छे. आईचं वयाचं आहे,” लेक म्हणाली.

बोलून झाल्यावर तिला कळलं, की हे वाक्य तिचं नव्हतं. आईचं होतं. ती शाळेत जायच्या आधीपासून ऐकत आली होती. तेव्हा आईला तिशीही लागली नव्हती.

कोपऱ्यातली आई खुर्चीच्या हाताला रेटा देत उठली. चिमणीला तिनं लेकीच्या मांडीवर ठेवलं. मग लेकीच्या मागे जाऊन इतक्या वर्षांचा तो भांग बोटांनी मोडला आणि डावीकडचे केस बाजूला केले.

“ही जन्मखूण नाही,” आई म्हणाली. “पायरीची कड आहे.”

दुपारी वरच्या पायरीवर लेक चिमणीला मांडीत घेऊन बसली आणि घसरत घसरत खाली आली. आई तळाशी होतीच.

तुमच्याही घरात कुणी असं जिन्याच्या तळाशी उगाच उभं राहत असेल. आज तिच्याजवळ बसा. गुडघा कधीपासून दुखतोय, विचारा. ‘वयाचं आहे’ म्हणाली, तर लगेच उठू नका.