बेट कापलं तो दिवस

करवतीला दोन मुठी होत्या, म्हणून भावांचा नाइलाज झाला. एक मूठ थोरल्या सातुर्निनोनं धरली, दुसरी धाकट्या एवारिस्तोनं. कित्येक महिने दोघांचं बोलणं नव्हतं. पण एकानं ओढलं की दुसऱ्यानं सैल सोडायचं, एवढं तरी जमवावं लागणार होतं.

"ओढ ना," थोरला म्हणाला.

"तू आधी सोड," धाकटा म्हणाला.

थोरल्याची बायको हिलारिया दारात बसून बटाटे सोलत होती. सोलता सोलता बघत होती. पायाखालचं तरंगतं बेट लव्हाळ्याचं. खाली मुळ्यांचे जाड ठोकळे, वर कापून आणलेल्या पेंढ्या. पेंढ्या कुजत राहतात, वरून नव्या घालत राहाव्या लागतात. एवारिस्तो गेल्या पावसाळ्यापासून पेंढ्या कापायला आलाच नव्हता. त्यानं उगवतीच्या टोकाला पैसे देऊन राहणाऱ्या पाहुण्यांसाठी खोली बांधली, तिला काचेची खिडकी बसवली, आणि पाहुणे येतील म्हणून सकाळपासून अंघोळ करून, केस विंचरून बसायला लागला. त्याच्या बाजूला गेलं की टाचा ओल्या व्हायच्या. शेवटी सगळे बसले आणि ठरलं, कापायचं. तितिकाका सरोवरावर न पटणाऱ्यांची बेटं अशीच कापतात.

रेघ आईच्या झोपडीच्या पलीकडून आखली होती. म्हातारी कासिमिरा थोरल्याकडे राहणार, हे कुणी विचारलंही नव्हतं. विचारायचं काय त्यात? तिची वेणी हिलारिया घालायची. तिच्या ताटातल्या माशाचे काटे हिलारिया काढायची. थंडीत तिचे पाय मांडीवर घेऊन चोळायची तीही हिलारियाच.

अर्धंअधिक कापून झालं आणि काठावरच्या पुनो शहरातून पाहुण्यांची बोट आली. आज पाळी याच बेटाची होती. करवत चिरेत तशीच उभी राहिली. हिलारिया आणि तिची जाऊ रुफिना घेरदार परकर चढवून, डोक्यावर टोप्या ठेवून शेजारी शेजारी उभ्या राहिल्या आणि स्वागताचं गाणं म्हणाल्या. सूर नेहमीसारखाच जुळला.

"कामिसराकी!" पाहुणे वाटेत शिकवलेला इथला नमस्कार एका सुरात ओरडले.

त्यांच्यातली पांढऱ्या केसांची एक बाई चिरेपाशी थांबली. खालून काळं पाणी वर येत होतं. तिनं वाटाड्याला काहीतरी विचारलं.

"आजी, हे काय चाललंय म्हणून विचारतायत," वाटाड्या कासिमिराला म्हणाला.

"मुलं मोठी झाली म्हणावं."

त्यानं तसंच सांगितलं. बाई हसली, मग तिनं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

"तिचीपण झाली म्हणते," वाटाड्या म्हणाला.

मग पाहुण्यांना फोटो हवा झाला. दोघा भावांना करवत धरून उभं केलं. हसा म्हटल्यावर दोघं हसले.

बोट गेली. पुन्हा ओढाओढ सुरू झाली. शेवटच्या मुळ्या तुटल्या, दोर सोडले, आणि मधे वीतभर पाणी दिसायला लागलं. एवारिस्तोनं बांबू टेकवून आपला तुकडा ढकलायची तयारी केली.

"थांब," कासिमिरा म्हणाली. ती उठली, घोंगडी खांद्यावर टाकली आणि चिरेपाशी आली.

हिलारियाच्या हातातला बटाटा तसाच राहिला. "आई, तुमची झोपडी इकडे आहे."

"माहितीये गं."

"मग? माझं काही चुकलं का?"

"तुझं कुठं काय चुकतंय. तुझ्याकडे पाय कोरडे राहतात." म्हातारीनं धाकट्याकडे हनुवटी वळवली. "या गाढवावर ओरडायला कुणी नको? बुडेल मेला."

"आई, मी काय लहान आहे?" एवारिस्तो म्हणाला.

"गप बस. मी त्या खिडकीच्या खोलीत झोपणार आहे."

रुफिनानं नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्यानं पाण्याकडे बघितलं.

सातुर्निनो पुढे आला. त्यानं आईच्या कोपराला हात दिला. ती पलीकडे गेली तेव्हा सोडला.

हिलारियानं बटाट्यांची पाटी उचलली आणि आत गेली. तो तुकडा ओढत नेला तेव्हा तिनं बाहेर येऊन पाहिलं नाही.

फार लांब नेलाच नाही. हाकेच्या अंतरावर, लव्हाळ्याच्या रानाकडेला खुंट ठोकून बांधला. संध्याकाळी वारा पडला तसं तिकडचं बोलणं स्पष्ट ऐकू यायला लागलं.

"इथे घाल. इथेपण. अरे, जाड घाल, तुझ्या सासऱ्याच्या पेंढ्या आहेत का? रुफिना, तू काय बघतेस, धर त्याला!"

सातुर्निनो दारात बसला होता. त्याला हसू फुटलं. हसता हसता त्यानं बाहीनं नाक पुसलं. हिलारिया हसली नाही. तिनं त्याच्यापुढे ताट ठेवलं, स्वतः जेवली, भांडी विसळली. म्हातारीच्या झोपडीकडे तिनं पाठच ठेवली होती.

अंधार पडायच्या बेताला पाण्यावरून हाक आली.

"हिलारियाऽऽ! चूल विझवलीस का गं?"

हिलारिया भांडी पालथी घालत राहिली. सातुर्निनोनं तिच्याकडे बघितलं, मग दुसरीकडे बघितलं. लव्हाळ्याच्या घरात राहणाऱ्याला एका ठिणगीची भीती असते. तिच्या मागे मातीच्या चुलीत निखारे लाल होते.

"हिलारियाऽऽ!"

"विझवली, आई!" ती ओरडली. आवाज तिला वाटला त्याहून मोठा निघाला.

मग तिनं कळशी उचलली आणि चुलीवर पाणी ओतलं.