काट्याचं गाव

“मंग त्या थॉर्नटनचा अर्थ काय हाय?” उकंडरावांनी विचारलं.

हा प्रश्न येणार, हे योगिनीला ठाऊकच होतं.

उकंडराव ओसरीच्या पायरीवर टाच वर करून बसले होते. बांधावरून येताना काटा भरला होता. योगिनीची आई गीताबाई बांगडीतली पिन काढून तो कोरत होत्या.

गावाचं नाव म्हणजे गावाची कुंडली, हा उकंडरावांचा कायदा. थोरली त्यांनी वडगावात दिली, मधली पिंपळगावात. खडकीचा चांगला मास्तर मुलगा मात्र चहा पाजून परत पाठवला. खडकावर कुणाचा संसार उगवलाय! आता धाकटीला, योगिनीला, इंग्लंडातल्या थॉर्नटन गावच्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली होती. कागदपत्रं तयार होती, बाबांचा होकार तेवढा बाकी होता.

साहेबाच्या मुलखातही नावं आपल्यासारखीच पडलीत, हे तिनंच त्यांना हौसेनं सांगितलं होतं. ऑक्सफर्ड म्हणजे बैल नदी उतरतात ती जागा. शिप्टन म्हणजे मेंढ्यांचं गाव. “म्हंजे आपलं मेंढगावच की!” म्हणून उकंडराव खूश झाले होते. ती हौस आता अंगाशी आली.

“नदीचं गाव हाय म्हन वं,” भाऊ हर्षल तिच्या कानाशी पुटपुटला. “त्याइले काय समजते?”

खोटं जिभेवर आलंही. पण इतक्या लांब जाताना बाबांना फसवून जायचं तिच्या जिवावर आलं.

“काट्याचं गाव, बाबा. काटेरी झाडावरून पडलं नाव.”

उकंडरावांचा चेहरा उतरला. “नाई जमत, बाई. काट्यात पोरगी धाडत नसतो मी.”

योगिनीचे डोळे भरून आले. गीताबाईंनी मान वर केली नाही. पिन जरा खोल गेली, उकंडराव कळवळले आणि काटा निघाला. तो त्यांनी नवऱ्याच्या तळहातावर ठेवला.

“हिवराचा हाय. याच झाडावरून आपल्या गावाले हिवरा म्हंतेत ना?”

“हाव. मंग?”

“माह्या बापानं मले देताना नावाचा अर्थ नव्हता इचारला.” गीताबाईंनी पदराला पिन पुसली. “बरंच झालं. नाई तं हे घर हुकलं असतं माह्यं.”