नाटकातली बायको

मास्तरांच्या शोकसभेत जो तो त्यांच्या पाठांतराचे गोडवे गात होता. हौशी नाटकांत वीस वर्षं त्यांची बायको झालेली नटी तर पहिल्याच रांगेत हुंदके देत होती. खऱ्या बायकोच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सभा संपल्यावर नटीनेच तिला गाठलं. "वहिनी, स्टेजवर ते माझ्याकडे बघायचे, तसं घरी तुमच्याकडे कधी बघितलं का हो?"

"तुझ्याकडे? बाई गं, वर्गात पोरांकडून कविता घोकून घेणाऱ्या त्या माणसाला स्वतःला चार ओळी पाठ होत नव्हत्या. तुझ्या मागे विंगेत नाटकाची वही घेऊन वीस वर्षं मी उभी होते. 'तुझ्यावाचून जगू कसा' हेसुद्धा आधी मी पुटपुटायचे, मग ते बोलायचे. तुझ्या खांद्यावरून माझ्याकडे बघत!"